तारे पुस्तकांत पाहावे कीं आकाशांत ?

दरवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडते, त्याच सुमारास शेतकऱ्यांच्या तोंडीं "मृग लागला" हे शब्द ऐकूं येतात. मागें एकदां अशाच दिवसांत तारे व नक्षत्रें यांवरील धडा चालूं असतां नववीच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "सर, मृग लागला म्हणतात, तर मग मृग रात्रीं दिसत कां नाहीं ? काल ढग नव्हते. मी पुष्कळ शोधला." धडा पुरा करण्याची आम्हांस घाई होती. "हें परीक्षेस नाहीं, पुढें पाहूं," असें सांगून आम्हीं त्यास खालीं बसविलें.

हें आमचें उत्तर पुढें आम्हांसच बोचूं लागलें. कारण त्या धड्याखालीं छापलेल्या सर्व प्रश्नांहून त्या मुलाचा प्रश्न अधिक चांगला होता. छापील प्रश्नांचीं उत्तरें पानांत सांपडतात. त्याचा प्रश्न मात्र अंगणांत उभें राहून वर पाहिल्यावांचून सुचलाच नसता.

त्याचें उत्तर असें आहे. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरत असल्यामुळें सूर्य वर्षभर निरनिराळ्या नक्षत्रांमधून सरकत चालल्यासारखा आपणांस दिसतो. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रांत आला. आणि हें दरवर्षीं ७-८ जूनच्या सुमारास घडतें. त्या दिवसांत मृग आपल्या डोक्यावर येतो खरा, पण तो भर दिवसा, सूर्याच्या झगझगाटांत. सहा महिन्यांनीं पृथ्वी आपल्या कक्षेच्या दुसऱ्या बाजूस जाते, तेव्हां तोच मृग जवळजवळ सबंध रात्र आकाशांत असतो. म्हणजे शेतकऱ्याचें बोलणेंहि खरें, आणि विद्यार्थ्याचे डोळेहि खरे. खोटें ठरलें तें आमचें "पुढें पाहूं".

दिवाळीनंतर आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोलावून आपली चूक कबूल केली व त्यास एक काम दिलें. घराच्या एकाच पायरीवर बसून समोरच्या कौलांवर व्याधाचा तारा केव्हां दिसूं लागतो, ती वेळ त्यानें दर पंधरवड्यास वहींत लिहावी. त्याच्या वहींत १० नोव्हेंबरास रात्रीचे अकरा, २५ नोव्हेंबरास दहा, १० डिसेंबरास नऊ आणि नाताळच्या दिवशीं आठ अशा वेळा आल्या. पंधरा दिवसांत एक तास, म्हणजे दिवसास चार मिनिटें. वही पुढें ठेवून तो म्हणाला, "सर, याच हिशेबानें जूनमध्यें व्याध सूर्याबरोबरच मावळेल. मग तोहि मृगासारखाच दिसणार नाहीं, होय ना ?" जूनमधील आपल्या प्रश्नाचें उत्तर त्यानें आपलें आपणच मिळविलें होतें. त्यासाठीं दुर्बीण लागली नाहीं, कीं एक पैहि खर्च झाली नाहीं.

यावरून आमचें असें ठाम मत झालें आहे कीं, ताऱ्यांचें शिक्षण आकाशाखालीं सुरू व्हावें आणि पुस्तकानें मागाहून त्याच्या मदतीस यावें. आम्ही पुस्तकांचे शत्रु नाहीं. भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास लिहिणारे कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) हे पेशानें शिक्षकच होते. सामान्य वाचकांकरितां लिहिलेल्या आपल्या 'ज्योतिर्विलास' या पुस्तकास त्यांनीं 'रात्रीची दोन घटका मौज' असें दुसरें नांव दिलें. त्या नांवांतच सारी शिक्षणपद्धति आली आहे. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटें, शाळेच्या एका तासाहून फारशीं अधिक नव्हेत. परंतु तीं रात्रीचीं असलीं पाहिजेत, आणि त्यांत मौज असली पाहिजे.

पालक म्हणतील, "याला गुण किती ?" गुण नाहींत, हें आम्ही प्रथमच सांगून टाकतों. पण घराघरांतील एक विसंगति त्यांनीं पाहावी. मुलाच्या जन्मपत्रिकेंत चित्रा नक्षत्र लिहिलेलें असतें, आणि चित्रेचा तारा बोटानें दाखविणारा मात्र घरांत कोणी नसतो. कार्तिकाच्या पौर्णिमेस चंद्र कृत्तिकांजवळ व मार्गशीर्षाच्या पौर्णिमेस मृगाजवळ असतो, आणि त्यावरूनच त्या महिन्यांस तीं नांवें पडलीं, हें किती मुलांनीं प्रत्यक्ष ताडून पाहिलें असेल ? ऐकलेली गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनीं ताडून पाहणें ही संवय एकदां लागली, म्हणजे ती व्यापारांत, दवाखान्यांत, शेतांत, सर्वत्र उपयोगी पडते. गुणपत्रिकेंत तिला रकाना नाहीं, एवढ्यावरून ती निरुपयोगी ठरत नाहीं.

शिवाय ताऱ्यांकडे पाहणें म्हणजे भूतकाळाकडे पाहणें होय. प्रकाश एका सेकंदांत सुमारें तीन लक्ष किलोमीटर धांवतो. तरीहि सूर्याचा किरण आपणांपर्यंत येण्यास आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि व्याधाच्या किरणास सुमारें साडेआठ वर्षें. आज दहावींत बसणारा विद्यार्थी पहिली-दुसरींत अक्षरें गिरवीत होता, तेव्हां निघालेला प्रकाश आज रात्रीं त्याच्या डोळ्यांत शिरतो. मृगांतील तांबूस काक्षीचा प्रकाश तर कित्येक शतकांपूर्वीं निघालेला आहे. २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत हीच काक्षी इतकी मंद झाली कीं, नुसत्या डोळ्यांसहि तें कळावें. ताऱ्यानें बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आड आली, असें पुढें शास्त्रज्ञांनीं दाखविलें. ज्याला काक्षीची ओळख होती त्याला तो बदल दिसला. ज्याला नव्हती त्याच्या डोक्यावरून तो निघून गेला.

आतां एका काळजीची गोष्ट. पूर्वीं आकाश पाहण्यास आळसावांचून दुसरें विघ्न नव्हतें. आज दिव्यांचें विघ्न उभें आहे. जगांतील एकतृतीयांशाहून अधिक माणसांस राहत्या जागेहून आकाशगंगा दिसत नाहीं, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आढळलें. आपल्याच प्रांतांतील पेंच व्याघ्रप्रकल्पास २०२४ च्या जानेवारींत अंधाऱ्या आकाशाचें उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ही आनंदाची वार्ता खरी. पण वाघाप्रमाणें अंधारहि राखून ठेवावा लागतो, हें वाचून मन खिन्नहि होतें. जी वस्तु मुलांनीं कधीं पाहिलीच नाहीं, ती हरवली तरी त्यांस कळणार नाहीं. म्हणून आम्हांस घाई आहे, आणि या वेळीं ती धडा संपविण्याची नव्हे.

शास्त्र शिकल्यानें श्रद्धा उणावते, अशी भीति कांहींस वाटते. आम्हांस तशी वाटत नाहीं. पवित्र शास्त्रांतील ईयोबाच्या ग्रंथांत कृत्तिका व मृग यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. ज्यानें त्या ओळखल्या, त्यानें आधीं मान वर करून पाहिलें असलेंच पाहिजे. हे तारे किती दूर आहेत हें जाणणारा मनुष्य अधिक नम्र होतो, कमी नव्हे.

तेव्हां पालकांस आमची विनंति एवढीच कीं, येत्या नाताळांत दारावर कागदी तारा टांगून झाला, म्हणजे रात्रीं नवाच्या सुमारास घरांतील दिवे दोन घटका मालवावे आणि मुलांस घेऊन गच्चीवर अथवा अंगणांत यावें. पूर्वेस मृगाचे तीन तारे एका ओळींत दिसतील, व त्यांच्या खालच्या बाजूस व्याध. आणि मुलानें एकादा प्रश्न विचारला व त्याचें उत्तर आपणांस आलें नाहीं, तर "पुढें पाहूं" असें म्हणूं नये. "चल, आतांच पाहूं," असें म्हणावें.