करला, येला आणि धुले

लहान मुलं 'चुकीचं' बोलतात तेव्हा ती व्याकरण शिकत असतात, आणि आपण मोठी माणसं त्यांना सुधारायला जातो तेव्हा बहुतेक वेळा मध्ये कडमडत असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. नातेवाईक मंडळींनी हे वाचून रागावू नये. रोख कुणा एकावर नाही. (म्हणजे थोडासा आहे... पण असो!)

माझी भाची साडेतीन वर्षांची. कोथरूडला राहते. सध्या बाईसाहेबांची वाक्यं अशी असतात : "मी चित्र करलं", "आजी येली", "मी हात धुले". ऐकणारे खो खो हसतात, मग कुणीतरी गंभीर चेहऱ्याने "करलं नाही गं, केलं म्हण" असं सांगतं. ती "केलं" म्हणते आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा "करलं"!

आता मला सांगा, हे 'करलं' तिला शिकवलं कुणी? घरात कुणीच तसं म्हणत नाही. म्हणजे ही नक्कल नाही. बसला, हसला, पडला, उठला, धरला हे ऐकून ऐकून तिने स्वतःच एक नियम शोधून काढलाय : मूळ शब्दाला ला-ली-लं लावलं की झालेली गोष्ट सांगता येते. नियम अगदी बरोबर आहे. केलं, गेला, आला, धुतले हे सगळे अपवाद मराठीचे आहेत, त्यात त्या पोरीचा काय दोष? इंग्रजी मुलंसुद्धा 'वेंट'च्या जागी 'गोड' म्हणतात. (आपलं साखरेचं गोड नव्हे!)

जीन बर्को नावाच्या बाईंनी १९५८ साली याचा छान प्रयोग प्रसिद्ध केला होता. मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवायचं, 'हा वग' असं सांगायचं, मग दोन प्राणी दाखवून विचारायचं, हे काय? शब्दच खोटा, त्यामुळे आधी ऐकलेला असण्याची शक्यता शून्य. तरी मुलांनी अनेकवचन बरोबर केलं. हा खेळ घरी मराठीत करून बघा. एक गडपा, दोन...? एक लुंबी, दोन...? 'गडपे' आणि 'लुंब्या' अशी उत्तरं आली की समजा, नियम आत जाऊन बसलाय.

याहून मोठं आश्चर्य म्हणजे प्रयोग. शाळेत 'प्रयोग ओळखा' या प्रश्नाने घाम फोडला नाही असा मराठी माणूस विरळा. केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात कर्तरी, कर्मणी, भावे सगळ्याची चिकित्सा आहे. आणि ही साडेतीन वर्षांची चिमुरडी "मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली" असं सहज म्हणते. खाणारी तीच, पण क्रियापद आंब्याप्रमाणे आणि चिंचेप्रमाणे बदलतं. झाला की कर्मणी प्रयोग! "मी आंबा खाते" म्हणताना मात्र ते तिच्याप्रमाणे चालतं. हे तिला कुणी समजावून सांगितलेलं नाही. समजावायला बसलो तर आपलीच पंचाईत होईल.

कँटनीज बोलणाऱ्या मुलांचंही असंच. त्या भाषेत क्रियापदाला लिंग नाही, वचन नाही. पण वस्तू मोजताना मध्ये एक खास शब्द घालावा लागतो, तोही वस्तूगणिक वेगळा. आपण 'चार जण' म्हणतो ना माणसांना, तसं जवळजवळ सगळ्यालाच. तिथली छोटी मुलं सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी एकच सर्वसाधारण शब्द लावून मोकळी होतात. आमच्या 'करलं'चीच बहीण!

मग मुलांना आपली काहीच गरज नाही का? आहे ना, आणि इथेच माझं खरं दुखणं आहे.

भाचीच्या शाळेने सुचवलं, घरी इंग्रजीत बोला. झालं! घरात सुरू झालं : "हँड वॉश कर", "मिल्क फिनिश कर", "टीथ ब्रश कर", "आता स्लीप कर". हे नीट ऐका. हे इंग्रजी नाही आणि मराठीही नाही. धुणं, पिणं, संपवणं, घासणं, झोपणं सगळं गेलं आणि एकटं 'कर' उरलं. नियम मूल स्वतः काढेल, पण अपवाद स्वतः काढता येत नाहीत, ते कानावरच पडावे लागतात. धुतले, घातलं, सांगितलं, मागितलं, म्हणाली... दिवसभरात एकदाही ऐकू आलं नाही, तर पोरीने 'धुले'वरून 'धुतले'वर यायचं कसं?

दोन भाषा शिकल्याने मुलं गोंधळतात असं मी म्हणत नाहीये. हाँगकाँगच्या व्हर्जिनिया यिप आणि स्टीफन मॅथ्यूज या भाषाशास्त्रज्ञ जोडप्याने स्वतःच्याच मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं नोंदवून ठेवलं, त्यावर २००७ साली पुस्तक लिहिलं. आई कँटनीज बोलायची, वडील इंग्रजी. मुलं इंग्रजी प्रश्नातला 'व्हॉट' काही काळ कँटनीजसारखा वाक्याच्या शेवटी ठेवायची. पण दोन्ही भाषा शिकली. कारण प्रत्येकाने आपली भाषा अख्खी दिली, तुकडे करून नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी पेढ्यांचे फोटो पाठवले. छान वाटलं. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला दर्जाशी काय करायचंय? त्याला आजीशी भांडता आलं पाहिजे, रुसता आलं पाहिजे, काल काय झालं ते सांगता आलं पाहिजे. आजीची गोष्ट कळते पण उत्तर इंग्रजीत येतं, अशी घरं माझ्या ओळखीत आता चार-पाच तरी आहेत. त्या आज्या हळूहळू कमी बोलू लागल्यात, हे मला जास्त लागतं.

तेव्हा माझी विनंती एवढीच. 'करलं' म्हटल्यावर सुधारू नका, "हो का, चित्र केलंस? कुणाचं केलंस?" असं विचारा. 'केलं' आपोआप दोनदा कानावर पडेल आणि गप्पाही होतील. इंग्रजी बोलायचं तर पूर्ण वाक्यात बोला, मराठी बोलायचं तर क्रियापदासकट! भाजी निवडताना, सोलताना, चिरताना, फोडणी घालताना पोराला ओट्याशी उभं करा. नियम ते बघून घेईल, क्रियापदं आपण पुरवायची.

तुमच्या घरी कोणते 'करला-येला' चालू आहेत? नक्की कळवा. मी वहीत जमवतेय.