भरलेला दात पांढरा करावा काय?

समजा तुमच्या वर्गात एक मुलगा आहे. सायकलवरून पडून त्याच्या पुढच्या दाताचा तुकडा उडाला आणि दंतवैद्याने तो दात भरून दिला. काही वर्षांत तो भराव पिवळट पडला. आता दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो निघायचा आहे, आणि हा मुलगा तोंडावर हात धरूनच हसतो. एक मित्र त्याला मोबाइलवरच्या जाहिरातीतले दात पांढरे करणारे मलम दाखवतो. दुसरा खायचा सोडा आणि लिंबू सुचवतो. आजी म्हणते, राखुंडी घास. त्याने कोणाचे ऐकावे?

माझे मत असे की, त्याने तूर्त कोणाचेच ऐकू नये. आधी भरलेला दात तपासून घ्यावा. असे का, ते पाहू.

दाताच्या वरच्या कठीण थराला दंतवल्क म्हणतात. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. हा थर अर्धपारदर्शक असल्यामुळे त्याच्या आड असलेल्या दंतिनाचा पिवळसर रंग बाहेर दिसतो. म्हणजेच निरोगी दात कागदासारखा पांढरा नसतोच. वहीच्या कोऱ्या पानाशेजारी आपले दात आरशात पाहा, म्हणजे खात्री पटेल.

दात उजळवण्याच्या औषधांत बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ते हळूहळू सोडणारे कार्बामाइड पेरॉक्साइड असते. हायड्रोजन पेरॉक्साइड थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ साली प्रथम तयार केले. ते दातात झिरपते आणि तिथल्या रंगीत रेणूंचे विघटन करते. त्यामुळे दात उजळतो. परंतु दाताच्या रंगाचा भराव हा रेझीन आणि काचेसारख्या बारीक पुडीचा बनलेला असतो. त्याचा रंग मुळातच मिसळलेला असतो. पेरॉक्साइडने त्याच्यावरचा वरवरचा डाग फार तर निघेल, मूळ रंग बदलणार नाही. कापड धुऊन उजळावे आणि ठिगळ मात्र जुन्याच रंगाचे राहावे, तसे होते. जो भराव आज नजरेत भरत नाही, तोही मग उठून दिसू लागतो.

हा झाला दिसण्याचा प्रश्न. इजेचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. भराव घट्ट बसलेला असेल आणि दंतवैद्याच्या देखरेखीखाली सौम्य औषध वापरले, तर सहसा मोठी हानी होत नाही. दात काही दिवस शिवशिवतात, एवढेच. पण भरावाच्या कडेला फट पडली असेल, तर औषध त्या फटीतून दाताच्या मज्जेपर्यंत लवकर पोहोचते आणि तीव्र कळा येऊ शकतात. तुमच्या वयात मज्जेची पोकळीही मोठी असते. युरोपीय संघाच्या २०११ सालच्या नियमानुसार ०.१ ते ६ टक्के पेरॉक्साइड असलेली अशी औषधे केवळ दंतवैद्यामार्फत दिली जातात आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी ती वापरता येत नाहीत. ही सावधगिरी आपणही बाळगावी.

दाढेत ‘चांदी’ भरलेली असेल, तर त्या भरावाचा जवळपास निम्मा भाग पारा असतो. पेरॉक्साइडमुळे त्यातून थोडा अधिक पारा सुटतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यामुळे असे औषध दाढांना उगाच लावत बसू नये.

आता घरगुती उपायांकडे वळू. आपला गोंदिया जिल्हा धानाचा आणि राइस मिलचा. धानाच्या तुसाची राख म्हणजे बहुतांशी सिलिका. तिने भांडी लख्ख निघतात, पण तेच घर्षण दंतवल्क झिजवते आणि भरावाचा पृष्ठभाग खरबरीत करते. खरबरीत भरावावर चहाचे आणि खर्ऱ्याचे डाग अधिकच चिकटतात. लिंबाचे आम्ल तर दंतवल्कातील खनिजच विरघळवते. एकदा गेलेले दंतवल्क शरीर पुन्हा तयार करीत नाही. वरचा थर झिजला की आतला पिवळेपणा उलट जास्त दिसतो!

मग त्या मुलाने आयुष्यभर तोंड झाकावे काय? मुळीच नाही. पुढचा दात विद्रूप दिसणे ही शाळकरी वयात लहान गोष्ट नव्हे. कित्येकदा जुना भराव घासून गुळगुळीत केला किंवा दाताच्या रंगाचा नवा भरला, की काम भागते. दात उजळवायचेच असतील, तर मोठे झाल्यावर आधी दात उजळवावेत आणि मगच भराव बदलावा. मध्ये साधारण दोन आठवडे जाऊ द्यावेत, कारण दातात उरलेला ऑक्सिजन नव्या रेझीनला नीट चिकटू देत नाही. हा क्रम उलटला, तर पैसे दोनदा जातात.

शिक्षकांना एक विनंती. आम्ल आणि ऑक्सिडीकरण हे धडे शिकवताना जाहिरातीतले असे एखादे मलम वर्गात चर्चेला घ्या. त्यात काय आहे, किती टक्के आहे, वेष्टनावर काय छापले आहे, हे मुलांनाच शोधू द्या. आणि कोणी हसताना तोंडावर हात धरत असेल, तर त्याची थट्टा होऊ देऊ नका. थट्टेला कंटाळूनच मुले असले उपाय गुपचूप करून पाहतात.