यंदा आमच्याकडे नाही

आपल्याकडे ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं, तिथे दिवाळीत आकाशकंदील लागत नाही आणि फराळाची कढई चढत नाही. 'यंदा आम्हाला सण नाही' एवढं म्हटलं की शेजारीपाजारी पुढे काही विचारत नाहीत. उलट त्यांच्याच घरून चिवडा-लाडवांचं ताट झाकून येतं. हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अमेरिकेत आल्यावर मात्र ३१ ऑक्टोबर जवळ आला की ते आपल्या तोंडून निघत नाही.

मी न्यू जर्सीत बरीच वर्षं राहते. दसऱ्यानंतर कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलं की कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "हॅलोवीनला दार नाही उघडलं तर चालतं का हो?" कुणाच्या सासूबाई भारतातून आलेल्या असतात आणि दर दोन मिनिटांनी घंटी वाजली की दचकतात. कुणाचं बाळ दीड महिन्याचं असतं. कुणी रात्रपाळीला जायच्या आधी झोपलेलं असतं. आणि कुणाला ऐन सणासुदीत अंगणात प्लास्टिकचे सांगाडे नि कवट्या बघवत नाहीत, एवढंच. सगळ्यांना माझं उत्तर एकच: चालतं. कारणही सांगावं लागत नाही.

मुळात हॅलोवीन ही सरकारी सुट्टीसुद्धा नाही. बरेच इव्हँजेलिकल ख्रिस्ती, यहोवाज विटनेसेस, सनातनी ज्यू कुटुंबं हा दिवस पाळत नाहीत आणि त्यांचं गल्लीत कुणाशी वाकडं येत नाही. कारण इथे एक न लिहिलेला नियम आहे. बाहेरचा दिवा चालू असेल तर सोंगं घेतलेली मुलं खाऊ मागायला येतात, बंद असेल तर पुढच्या घराकडे वळतात. पाच-सहा वर्षांच्या पोरालाही तो माहीत असतो. माहीत नसतो तो आपल्याला. म्हणून आपण दिवा चालू ठेवतो, पडद्याआड श्वास रोखून बसतो आणि घंटी वाजली की एकमेकांकडे बघतो. तसं करू नका. बाहेरच्या मुलांना आत माणसं असल्याचं कळतं आणि ती आणखी दोनदा वाजवतात.

दिवा बंद करणं ऐकायला सोपं आहे, पण त्यात खाचाखोचा आहेत. गॅरेजवरचा दिवा माणूस जवळ आला की आपोआप लागतो, त्याचं बटण वेगळं असतं. अंधार पडला की स्वतःच पेटणारे दिवेही बऱ्याच घरांना असतात. ते ३० तारखेलाच शोधून ठेवा. रस्त्याकडच्या खोलीतला दिवा विझवून मागच्या खोलीत बसा. घंटी कॅमेऱ्याची असेल तर तिचा घरातला आवाज फोनवरून बंद करता येतो.

दुसरी अडचण उजेडाची. २००७ पासून इथली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, म्हणजे हॅलोवीन नेहमी त्याच्या आधी येतो. आमच्याकडे त्या दिवशी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सगळ्यात लहान मुलं तर पाचलाच निघतात. लख्ख उजेडात तुमचा दिवा बंद आहे की चालू, हे कुणाला कळणार? म्हणून एक पाटी हवी. साध्या कागदावर मोठ्या अक्षरांत 'नो कँडी हिअर धिस इयर. हॅपी हॅलोवीन!' एवढंच लिहा. 'डू नॉट डिस्टर्ब' नको, त्याने रुसल्यासारखं वाटतं. 'कँडी संपली' असंही नको, साडेपाचला ते कुणाला पटत नाही. पाटी दारावर न लावता पायऱ्यांच्या तळाशी, मुलाच्या डोळ्यांसमोर येईल अशी ठेवा. परीच्या झग्यात अडखळत सात पायऱ्या चढून आलेल्या चार वर्षांच्या मुलीला वर पोचल्यावर 'नाही' वाचायला लावणं बरं नव्हे.

आता खरा गुंता, आणि तो फक्त आपला आहे. आपल्या रीतीत उंबऱ्याजवळचा दिवा म्हणजे 'या'. इथेही त्या संध्याकाळी त्याचा अर्थ 'या, खाऊ आहे' असाच होतो. आपली दिवाळी तिथीची आणि हॅलोवीन तारखेचा, त्यामुळे काही वर्षी दोन्ही एकमेकांवर येऊन आदळतात. २०१६ मध्ये ३१ ऑक्टोबरला पाडवा होता. २०२४ मध्ये त्याच तारखेला नरक चतुर्दशी आली. अशा वर्षी तुम्ही दारात चार पणत्या आणि कंदील लावून आत औक्षण करत बसलात, तर गल्लीतल्या प्रत्येक चेटकिणीला ते आमंत्रणच. एका पाडव्याला ओवाळणीचं तबक हातात घेऊन मी सहा वेळा दार उघडलं. सहाव्या वेळी समोर डायनासोर होता. त्याने तबकातली सुपारीच उचलली.

तेव्हापासून माझी सोय ठरलेली आहे. नरक चतुर्दशी असेल तर दारातल्या पणत्या पहाटेच्या अभ्यंगस्नानाला. त्या वेळी काळं कुत्रं फिरकत नाही, आणि त्या दिवसाचा मान तसाही पहाटेचाच. पाडवा किंवा लक्ष्मीपूजन असेल तर कंदील मागच्या डेकवर आणि पणत्या देवघरापाशी. पुढच्या दारी लावायच्या त्या साडेआठनंतर, गल्ली निवली की. बऱ्याच गावांत फिरण्याची वेळ ठरवून दिलेली असते, ती नगरपालिकेच्या पानावर आधीच बघून ठेवता येते. उशिरा दिवा लावला म्हणून लक्ष्मी परत गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

दार उघडायचं नाही हा निर्णय मोठ्यांचा, पण घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्याला आधी विचारा. तुम्हाला सण नको असेल, त्याला कदाचित हवा असेल. ते शेजारच्या मुलांबरोबर फिरायला गेलं आणि आपल्या घराचा दिवा बंद राहिला, तर यात विसंगती काही नाही. संक्रांतीला आपण डबा घेऊन घरोघर तिळगूळ गोळा करत फिरायचो, तेव्हा ज्यांच्या घरी तिळगूळ झालेला नसायचा त्यांची पोरंही आपल्याबरोबर असायचीच. भोंडल्याची खिरापत खायला तर आपण कुठल्या कुठल्या घरी गेलो होतो. मात्र मुलालाही नको असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच बाईंना दोन ओळी लिहा: आमचा मुलगा वेशभूषेच्या मिरवणुकीत नसेल, त्या वेळात त्याला वाचनालयात बसता येईल का? धर्म, संस्कृती, साखर यांवर परिच्छेद नकोत. आयत्या दिवशी त्याला घरी ठेवून 'बरं नाही' म्हणून कळवू तर अजिबात नका. दुसऱ्या दिवशी ते पोर खरं काय ते सांगून मोकळं होतं.

कचेरीत याहून सोपं. वेशभूषा ऐच्छिक असते. डबा सगळ्यांनी आणायचा असेल तर आणा, नेहमीच्या कपड्यांत जा, दुसऱ्याची टोपी बघून हसा.

काही जणांना पूर्ण नकार जड जातो. मग ते पायरीवर खाऊचं टोपलं ठेवून 'एकच घ्या' असं लिहितात. ठेवा हवं तर, पण पहिल्या दहा मिनिटांत एखादा तेरा वर्षांचा वीर ते पिशवीत उपडं करून जाईल हे धरून चाला. घरचे बेसनाचे लाडू मात्र देऊ नका. पहिल्या वर्षी मी प्रेमाने दिले होते. मुलाच्या आईने तोंड भरून आभार मानले आणि कोपऱ्यावर वळताच ते कचऱ्याच्या डब्यात टाकले, हे मी खिडकीतून बघितलं. रागावले नाही असं नाही. पण उघडा, घरी केलेला खाऊ अनोळखी घरातून आलेला असेल तर इथले आईबाप तो टाकूनच देतात, हे मला नंतर कळलं. गोड नको पण मुलं आलेली चालतील, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मोरपंखी भोपळा आहे. २०१४ पासून देशभर तशी मोहीम सुरू आहे. त्या रंगाचा भोपळा दारात असला की इथे खाण्याऐवजी पेन्सिली, खोडरबरं, बारीकसारीक खेळणी मिळतात असा अर्थ. खाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना अशी घरं हवीच असतात.

'दार उघडलं नाही तर घरावर अंडी फेकतात' ही भीती नव्याने आलेल्या प्रत्येकाला कुणीतरी घालतंच. आमच्या न्यू जर्सीत तो वात्रटपणा होतो ३० तारखेच्या रात्री. तिला 'मिस्चिफ नाइट' म्हणतात. आपल्या शिमग्यात लाकडं पळवायचे, त्या जातीचा प्रकार. तुम्ही खाऊ देणार की नाही हे त्या पोरांना तेव्हा ठाऊकही नसतं.

अगदी शेजारच्या दोन घरांना मात्र आधी तोंडी सांगून ठेवा. "यंदा आमच्याकडे नाही," बस्स. माझे वडील गेले त्या वर्षी मी पलीकडच्या आजींना कुंपणावरून हेच वाक्य मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं होतं. का, म्हणून त्यांनी विचारलं नाही. नऊ वाजता मी कचरा ठेवायला बाहेर आले तेव्हा दाराच्या कडीला एक छोटी पिशवी अडकवलेली होती. आत चार चॉकलेटं होती.

बाहेर जाऊन संध्याकाळ घालवणार असाल तर पाचच्या आधी निघा आणि साडेआठनंतर या. परतताना आपल्या गल्लीत गाडी अगदी हळू घ्या. काळ्या झग्यातली मुलं दोन उभ्या गाड्यांमधून एकदम रस्त्यावर येतात आणि मुखवट्यातून त्यांना धड दिसत नाही. घरी पोचलात की बाहेरचा दिवा लावायला हरकत नाही.