रणगाडा एकदा हाताने जोडावा

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून रणगाडा तयार करणे आणि तो टेबलावर मांडून लढाईचा डाव खेळणे हा पोरखेळ आहे, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. महाविद्यालयात शिकणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या माणसाने त्यात वेळ घालवावा, हे तर अनेकांना लाजिरवाणे वाटते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आयुष्यात एकदा तरी एक मोठा रणगाडा स्वतःच्या हाताने जोडावा, असे मी म्हणतो. आणि त्याचे कारण करमणूक हे नाही.

युद्धाविषयी बोलणे आज फार स्वस्त झाले आहे. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यापासून रणगाड्यावर ड्रोन आदळतानाची दृश्ये आपल्या खिशातल्या फोनवर येऊन पडतात. आपण ती पाहतो, मित्राला पुढे पाठवतो आणि कँटीनमध्ये दुसरा चहा मागवतो. सीमेवर काही घडले की आपल्या वर्गातला प्रत्येक जण सेनापती होतो. कोणता रणगाडा कोठे घुसवावा, हे त्याला पाठ असते. पण रणगाडा म्हणजे काय, त्यात किती माणसे बसतात, ती कोठे बसतात, त्यांना बाहेरचे किती दिसते, हे विचारले की सेनापती गप्प बसतात. डोळ्यांना जे अर्ध्या मिनिटात दिसते ते हातांना कळायला महिना लागतो. परंतु हातांना कळलेले टिकते.

या खेळाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. प्रशियामध्ये राइस्वित्झ नावाच्या पितापुत्रांनी युद्धाचा खेळ रचला. वडिलांनी तो १८१२ च्या सुमारास राजापुढे मांडला आणि लष्करात अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ साली त्याचे नियम छापले. प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. पुढे हा खेळ घराघरांत नेला तो एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने. त्याचे ‘लिटल वॉर्स’ हे छोटेखानी पुस्तक १९१३ चे. खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळा उडवायचा आणि शिशाचे शिपाई पाडायचे, असा त्याचा डाव. गंमत अशी, की याच वेल्सने १९०३ साली एका कथेत जमिनीवरून चालणाऱ्या चिलखती युद्धनौका रंगवल्या होत्या. रणगाडा प्रत्यक्षात येण्यापूर्वी तेरा वर्षे तो त्याच्या कल्पनेत येऊन गेला होता!

प्रत्यक्ष रणगाडा लढाईत उतरला तो १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समधील सोम नदीच्या आघाडीवर. गुप्तता राखण्यासाठी ब्रिटिशांनी त्याला ‘टँक’, म्हणजे पाण्याची टाकी, असे नाव दिले होते. तेच जगभर रुळले. आपल्या भाषेने मात्र ‘रणगाडा’ हा ठसठशीत शब्द योजला. त्या पहिल्या रणगाड्यात आठ माणसे कोंबलेली असत, इंजिन त्यांच्या मधोमध उघडेच धडधडत असे, आणि माणूस चालतो त्याहून त्याचा वेग फारसा अधिक नव्हता. कित्येक गाडे शत्रूपर्यंत पोचण्याआधीच बंद पडले. रणगाडा म्हणजे अजिंय राक्षस, ही आपली समजूत पहिल्याच दिवशी खोटी ठरली होती.

आता जोडणीकडे वळू. वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबून भरतात आणि त्यातून शे-दोनशे भाग एका पातळ चौकटीला काड्यांनी लटकलेले बाहेर येतात. प्रत्येक भागाला क्रमांक असतो. तो कात्रीने कापायचा, काडीची खूण पॉलिश पेपरने घासायची, कोरडाच बसवून पाहायचा आणि मगच जोडायचा. यासाठी वापरायचा द्रव हा डिंक नव्हे. तो दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिक किंचित वितळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. म्हणून घाई चालत नाही. सेंचुरियन या ब्रिटिश रणगाड्याचे उदाहरण घ्या, कारण तो आपल्या सैन्यातही होता. त्याच्या प्रत्येक बाजूला चाकांच्या सहा जोड्या असतात. त्यांवरून साखळपट्टा जातो आणि बाहेरून पत्र्याची झडप येते. झडप आधी लावली तर चाकांपर्यंत ब्रश पोचत नाही. तेव्हा कोणते काम आधी आणि कोणते नंतर, याचा विचार करूनच हात चालवावा लागतो. सुमारे पन्नास टनांचे हे धूड ज्या मीटिओर इंजिनावर चालते ते स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनापासून घडवलेले आहे, हे एकदा कळले, की यंत्रशास्त्राच्या पुस्तकातील कोरडे पान जिवंत होते.

प्रमाणाचीही एक कथा आहे. अशा मोठ्या किटांचे प्रमाण बहुधा १:३५ असते. हा विचित्र आकडा कोठून आला? जपानमधील शिझुओका येथील टामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मन पँथर रणगाड्याचे किट काढले. आत मोटार आणि बॅटरी मावली पाहिजे, या हिशोबाने त्याचा आकार ठरला. मागाहून मोजून पाहिले तर ते प्रमाण १:३५ च्या जवळपास भरले आणि पुढे इतरांनीही तेच उचलले. म्हणजे जगभरच्या छोट्या रणगाड्यांचे माप शिपायाने नव्हे, बॅटरीने ठरवले!

या प्रमाणातूनच टेबलावरच्या खेळाचे पहिले असत्य उघडे पडते. रणगाड्याची तोफ एक किलोमीटरवरचे लक्ष्य सहज टिपते. १:३५ च्या हिशोबाने ते अंतर साडेअठ्ठावीस मीटर होते. आपले टेबल जेमतेम दोन मीटरांचे. साडेअठ्ठावीस मीटर म्हणजे आपल्या वर्गांसमोरचा अख्खा व्हरांडा. खेळ जमावा म्हणून नियमांत अंतरे आखडून घ्यावी लागतात आणि त्यामुळे टेबलावर शत्रू नेहमी जवळ आणि स्पष्ट दिसतो. खऱ्या लढाईत तो बहुतेक वेळा दिसतच नाही. ज्याने हा हिशोब एकदा मांडला तो फोनवरच्या चित्राकडे आणि दूरदर्शनवरच्या नकाशाकडेही जरा सावधपणे पाहू लागतो.

टेबलावरची जमीन हा दुसरा धडा. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबातील असल उत्तर येथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले. कागदावर पॅटन अधिक आधुनिक होता. पण आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडून चिखल केला आणि आपले सेंचुरियन उंच उसाच्या आडोशाला उभे केले. पॅटन चिखलात रुतले आणि टिपले गेले. हवालदार अब्दुल हमीद यांनी तर जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडले आणि त्यातच प्राण अर्पण केले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. बेळगावच्या परिसरात वाढलेल्या मुलाला पाणी पाजलेल्या उसाच्या फडात बैलगाडी रुतली तर काय होते, हे सांगावे लागत नाही. पण तेच ज्ञान त्याने रणगाड्याला लावून पाहिलेले नसते. टेबलावर चिखलाचा पट्टा मांडला आणि आपल्या हाताने घडवलेला रणगाडा त्यात अडकला, की ते पक्के कळते.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र याहून वेगळी आहे. बहुतेक किटे आतून पोकळ असतात. वरच्या झाकणातून डोकावणारा एखादा अर्धा माणूस सोडला, तर आत कोणीच नसते. खेळाच्या नियमांतही रणगाडा हा एकच मोहरा असतो. तो बाद झाला की दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवायचा. सेंचुरियनमध्ये चार माणसे असत: नायक, तोफ चालवणारा, गोळा भरणारा आणि चालक. चालक पुढे उजव्या हाताला बसे आणि त्याच्या डाव्या हाताला दारूगोळा रचलेला असे. ही जागा किटाच्या पोकळ पोटात बोटाने दाखवता येते. ती एकदा दाखवली, की रणगाडा हा मोहरा राहत नाही.

१६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल अशाच एका सेंचुरियनमध्ये होते. रणगाड्याचे नाव होते ‘फामागुस्टा’. गाड्याला आग लागली, बाहेर पडण्याचा हुकूम झाला. तोफ अजून चालते आहे म्हणून त्यांनी तो मानला नाही, आणि ते तेथेच पडले. पुण्यात जन्मलेल्या या तरुणाचे वय तेव्हा एकवीस वर्षे होते. आपल्या पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात याच वयाची मुले बसतात. त्यांनाही परमवीर चक्र मिळाले. त्यांच्याबरोबर त्या गाड्यात आणखी तिघे होते. त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? पुढे २००१ साली अरुणचे वृद्ध वडील पाकिस्तानात गेले असता, ज्यांच्या घरी ते उतरले होते त्या पाकिस्तानी ब्रिगेडियरांनीच, तुमच्या मुलाचा मृत्यू माझ्या हातून झाला, असे त्यांना सांगितले. ही हकीकत ज्याने ऐकली आहे आणि ज्याच्या समोर टेबलावर दोन्ही बाजूंचे गाडे उभे आहेत, त्याला दुसऱ्या बाजूचा गाडा रिकामा आहे असे मानता येत नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की युद्धाची खेळणी युद्धाची गोडी लावतात. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. प्रशियाच्या सैन्याने हा खेळ शांततेसाठी शिकला नव्हता. वेल्सचे म्हणणे होते, की खऱ्या लढाईपेक्षा ही खोटी लढाई बरी. पण वर्षभरातच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्याच वेल्सने, हे युद्ध युद्धांचा शेवट करील, असे म्हणून त्याचा पुरस्कार केला. तेव्हा खेळ खेळल्याने माणूस आपोआप शहाणा होतो, असे मी म्हणणार नाही. रिकामा गाडा रिकामाच मानून खेळणारा आयुष्यभर तसाच खेळेल. शहाणपण येते ते जोडताना केलेल्या अभ्यासाने आणि खेळताना पाळलेल्या शिस्तीने.

दुसरा आक्षेप, हा परदेशी आणि खर्चिक नाद आहे. खर्चिक आहे खरा. चांगल्या किटाची किंमत महिन्याच्या मेसच्या बिलाशी स्पर्धा करते. पण परदेशी म्हणाल, तर दिवाळीत आपल्या गल्लीगल्लीतून मुले मातीचे किल्ले करतात, ते काय आहे? बुरूज कोठे, पाण्याचे टाके कोठे, चढण कोणत्या बाजूला, हे चिखलात हात घातल्यावरच कळते. त्या मुलांना कोणी युद्धखोर म्हणत नाही. मातीच्या किल्ल्याचीच ही पुढची इयत्ता आहे.

तिसरा आक्षेप, फोनवर हेच खेळ फुकट मिळतात. मिळतात. परंतु तेथे गाडा फुटला की क्षणात दुसरा मिळतो. महिनाभर खपून जोडलेल्या गाड्याविषयी जी काळजी वाटते ती तेथे वाटण्याचे कारणच नाही.

म्हणून माझी सूचना अशी. इतिहास विभाग, पदार्थविज्ञान विभाग आणि एन.सी.सी. यांनी मिळून दरवर्षी एक किट घ्यावे. चार विद्यार्थ्यांनी मिळून एक रणगाडा जोडावा, आणि शक्यतो त्यांतले दोघे मराठी व दोघे कन्नड विभागातले असावेत. प्रत्येकाने त्या गाड्यातील एका माणसाची जागा आणि त्याचे काम अभ्यासून ते आपल्या भाषेत चार पानांत लिहावे. डाव खेळताना तीन नियम पाळावेत. बाद झालेला गाडा उचलायचा नाही. तो कापसाचा धूर लावून तेथेच राहू द्यायचा, म्हणजे वाटही अडते आणि आठवणही राहते. गाडा बाद झाला की आतल्या चौघांचे काय झाले, हे वहीत लिहायचे. आणि प्रत्येक डावानंतर बाजू बदलायची. समोरच्याच्या खुर्चीत बसून, त्याचे हित आपले मानून, पूर्ण बुद्धीने खेळायचे. सीमाभागात राहणाऱ्या आपल्या सर्वांना या शेवटच्या नियमाचा सराव रणगाड्यांपलीकडेही उपयोगी पडेल.

अहिल्यानगर येथे १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. जोडणी पुरी झाल्यावर सहल तेथे न्यावी, आधी नव्हे. ज्याने चाकांच्या बारा जोड्या एकेक करून बसवल्या आहेत तो खऱ्या गाड्यापुढे उभा राहून नुसता फोटो काढणार नाही. तो आधी चालकाची खिडकी शोधील.