पिंपाच्या नावावर खपणारा दोष

ओकच्या पिंपात महिनोन्महिने मुरवलेल्या क्राफ्ट बिअरची एक बाटली अप्रतिम निघते आणि त्याच नावाची, त्याच किमतीची दुसरी बाटली आंबट, पातळ आणि ओल्या पुठ्ठ्याच्या वासाची निघते. कोणी तक्रार केली की त्याला ठरलेले उत्तर मिळते: पिंप जिवंत असते, दोन पिंपे कधीच सारखी नसतात, कारखान्यातला एकसारखेपणा हवा असेल तर साधी लागर प्या. हे उत्तर इतक्या ठामपणे दिले जाते की तक्रार करणाऱ्यालाच आपली जीभ अडाणी असावी असे वाटू लागते. 2009 साली पुण्यात डूलॅली ही ब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरचा शौक वाढत गेला. त्यामागोमाग पिंपात मुरवलेल्या पेयांची हौस आली आणि ते तयार उत्तरही आले. ते मान्य करू नये असे माझे म्हणणे आहे. बाटलीगणिक थोडा फरक पडणे वेगळे आणि बाटली बिघडलेली असणे वेगळे. हा भेद सांगता येतो, बऱ्याच अंशी मोजताही येतो, आणि चढी किंमत घेणाऱ्याने तो बाटली विकण्याआधी पाहून घ्यायचा असतो.

यावर पहिला आक्षेप असा की चव ज्याची त्याची. एकाला जो दोष वाटतो तो दुसऱ्याला आवडतो, मग दोष ठरवणार कोण? फैजपूर, सावदा, रावेर या केळीच्या पट्ट्यातल्या माणसाला याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागणार नाही. केळी पिकवण्याच्या खोलीचे दार उघडले की जो गोडसर दरवळ अंगावर येतो, त्यात मोठा वाटा आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरचा असतो. नेमका हाच एस्टर बिअरमधले यीस्टही तयार करते. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये, म्हणजे हेफवायझनमध्ये, लवंगेसारख्या वासाच्या जोडीने तो हवाच असतो. तो नसला तर बिअर फसली असे तिथले लोक म्हणतात. पिल्सनरमध्ये मात्र तोच वास ठळकपणे आला तर आंबवताना तापमान चढले असेल किंवा यीस्टवर ताण आला असेल असे समजायचे. द्रव्य तेच, नाकही तेच. फरक आहे तो पिणाऱ्याला काय देऊ केले होते एवढ्याचाच. म्हणजे दोष ठरवायला कोणाची आवडनिवड लागत नाही, करणाऱ्याने स्वतःच्या मालाविषयी जे सांगितले ते पुरते. आपला 2019चा ग्राहक संरक्षण कायदाही मालातला दोष ठरवताना विक्रेत्याने केलेला दावा विचारात घेतो. लेबलवर व्हॅनिला, चॉकलेट आणि जळक्या ओकचा गोडवा लिहून बाटलीत व्हिनेगरची धार दिली असेल, तर तिथे रसिकतेचा वाद उरतच नाही.

आता पिंपाकडे वळू, कारण ‘पिंप जिवंत असते’ या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते नाकारून भागणार नाही. अमेरिकी कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या भांड्यातच मुरवावी लागते. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे तिकडे मुबलक मिळतात आणि बिअर करणारे ती घेतात. लाकडातून व्हॅनिलिन उतरते, ओकचे लॅक्टोन नारळासारखा वास देतात, जळलेला थर कडसर गोडी देतो. पण ज्या फटींतून आणि रंध्रांतून हे सारे घडते, त्यांतूनच हवाही आत येते. बिअर हळूहळू उडून जाते, वर पोकळी राहते, त्या पोकळीतल्या ऑक्सिजनवर ॲसिटिक जिवाणू वाढतात आणि मद्यार्काचे व्हिनेगर करतात. ब्रेटॅनोमायसिस नावाचे रानटी यीस्ट लाकडात काही मिलिमीटर खोल मुरून बसते. ओकमधल्या सेलोबायोजसारख्या साखरेवरही ते जगू शकते, आणि आतल्या पृष्ठभागावरून गरम पाणी फिरवले तरी त्याच्यापर्यंत पुरेशी आच पोचतेच असे नाही. अशी लागण झालेली बाटली उघडून पाहावी. झाकण निघताच फेस आवरत नाही, कारण आत कोणीतरी उरलेली साखर खात बसलेले असते. स्टाउटसारखी गडद बिअर पेल्यात काळीच दिसते, पण जिभेवरचा तिचा दाट, तेलकट गुळगुळीतपणा गेलेला असतो. त्या जागी आंबट पाणचटपणा येतो आणि मागून गोठ्याचा किंवा घामट चामड्याचा वास. हवेने बिघडलेली बाटली निराळी. ती फसफसत नाही, मरगळलेली लागते आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास देते. दोन्हींची कारणे माहीत आहेत, आणि कारण माहीत असलेल्या बिघाडाला स्वभाव म्हणता येत नाही.

बिअरचे शास्त्र तर अशा तक्रारींतूनच उभे राहिले. पाश्चरने 1876 साली बिअरवरचा ग्रंथ काढला तो तिच्या रोगांचा शोध घेतच. कार्ल्सबर्गची बिअर कडवट होऊ लागली तेव्हा एमिल क्रिस्टियन हान्सेनने 1883 साली एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले. त्या काळच्या बिअर करणाऱ्यांनी ‘आमची बिअर जिवंत आहे, ती अशीच असायची’ असे म्हणून हात झटकले असते, तर आज क्राफ्ट बिअर करणाऱ्यांना विकत मिळणारे खात्रीचे यीस्ट मिळाले नसते.

पिंपातल्या बिअरपुरते बोलायचे तर सर्वांत बोलके प्रकरण शिकागोच्या गूस आयलंडचे आहे. या कंपनीची बर्बन काउंटी स्टाउट पिंपात मुरवलेल्या कडक बिअरचा मापदंड मानली जाते. मद्यार्काचे प्रमाण चौदा टक्क्यांच्या आसपास, किंमत चढी, आणि दरवर्षी नोव्हेंबरअखेर तिच्यासाठी लागणाऱ्या रांगा. 2015च्या खेपेतल्या बाटल्या काही आठवड्यांत आंबट लागू लागल्या. इतक्या मद्यार्कात जिवाणू टिकणार नाहीत, या समजुतीवर सगळे निर्धास्त होते. तपासात सापडला लॅक्टोबॅसिलस ॲसिटोटॉलरन्स. हा जिवाणू 1986 साली जपानी शास्त्रज्ञांनी व्हिनेगरच्या आंबवणातून वेगळा काढून नोंदवला होता, म्हणजे आम्लात तग धरणे हाच त्याचा गुण. तो इतका सावकाश वाढतो की नेहमीच्या तपासणीत निसटू शकतो. कंपनीने 2016 मध्ये दोष कबूल केला, ग्राहकांना पैसे परत देऊ केले आणि पुढच्या खेपेपासून बिअर बाटलीत भरण्याआधी क्षणभर तापवून पाश्चराइझ करायला सुरुवात केली. गूस आयलंड 2011 सालीच एका बड्या कंपनीच्या मालकीची झाली होती, तेव्हा हे सारे तिला परवडले, असे कोणी म्हणेल. परवडण्याच्या प्रश्नाकडे मी येतोच. इथे महत्त्वाचे एवढेच की ज्या बिअरने या प्रकाराला नाव मिळवून दिले, तिच्याच कर्त्यांनी आंबटपणाला ‘पिंपाचे व्यक्तिमत्त्व’ म्हटले नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप येतो तो परंपरेचा, आणि तो वजनदार आहे. बेल्जियमची लॅम्बिक बिअर मोकळ्या हवेतल्या यीस्टवर आंबते आणि पिंपात एक ते तीन वर्षे राहते. तिथे आंबटपणा आणि रानटी वास हेच वैभव. कार्ल्सबर्गच्याच क्लॉसेनने 1904 साली ब्रेटॅनोमायसिसची ओळख करून दिली ती जुन्या इंग्लिश स्टॉक एलला तिची खास चव देणारे यीस्ट म्हणून, रोग म्हणून नव्हे. मग आज तेच यीस्ट दोष कसे? पण ही परंपरा नीट पाहिली तर ती माझ्याच बाजूने साक्ष देते. पिंपागणिक फरक पडतो हे लॅम्बिकवाल्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे, म्हणून तर ते एकेक पिंप चाखतात, एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक हिशेबाने एकत्र करतात आणि तिची ग्यूझ करतात. जमले नाही ते पिंप बाजूला काढतात. रुसेलारेच्या रोडेनबाखकडे ओकच्या अवाढव्य हौदांची रांगच आहे, तरी तिथलीही नेहमीची बिअर जुनी आणि नवी ठरलेल्या प्रमाणात मिसळूनच बाहेर पडते. पिंपावर पूर्ण ताबा चालत नाही, हे खरे. पण पिंपातून बाटलीत काय जाऊ द्यायचे यावर तो पूर्ण चालतो. या कलेतले कौशल्य मुख्यतः त्या निवडीत आहे आणि ग्राहक जास्त पैसे मोजतो ते त्यासाठीच. निवड न करता पिंप सरळ बाटल्यांत ओतणारा परंपरेचे नाव घेतो, काम मात्र करत नाही.

उरला परवडण्याचा प्रश्न. लहान ब्रुअरीला प्रयोगशाळा कुठून परवडणार, थोडे सांभाळून घ्या, असे सांगितले जाते. इथे मला केळी उत्पादकाची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण तोही लहानच आहे. घड हिरवा असताना, पण पुरेसा भरल्यावर कापायचा. पिकवताना खोलीत 16 ते 18 अंश तापमान, नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि इथिलीनची ठरलेली मात्रा सांभाळायची. फळ 13 अंशांच्या खाली गेले की साल काळवंडते आणि पिवळा रंग कधीच नीट चढत नाही, हे लक्षात ठेवायचे. हे सगळे या पट्ट्यात रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. जळगाव केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे ही शिस्तही आहे. एवढे करूनही हिवाळ्यात थंडीचा चरका बसला तर भाव पडतो. ती थंडी शेतकऱ्याने आणलेली नसते, तरी ‘हा केळीचा स्वभाव आहे, पूर्ण भाव द्या’ असे तो व्यापाऱ्याला म्हणू शकत नाही; म्हटले तरी कोणी ऐकणार नाही. निसर्गाच्या लहरीचा सगळा तोटा ज्याच्या हाती काहीच नाही त्याने सोसायचा, आणि पिंप स्वतः निवडणाऱ्याने, किंमत स्वतः ठरवणाऱ्याने तोच तोटा ग्राहकाच्या माथी मारून त्याला कला म्हणायचे, हा व्यवहार अन्यायाचा आहे. शिवाय प्रयोगशाळेची सबब पूर्ण खरीही नाही. पिंपात भरण्याआधीचा आणि काढतानाचा पीएच लिहून ठेवायला एक साधा मीटर पुरतो. प्रत्येक पिंप मिसळण्याआधी दोघातिघांनी चाखायला वेळ लागतो, यंत्र लागत नाही. भरलेल्या काही बाटल्या तीस अंशांच्या आसपास काही आठवडे ठेवून मगच बाकीचा माल बाहेर काढला, तर लागण बहुधा दुकानात पोचण्याआधीच उघडी पडते. आणि एखादे पिंप आंबट पण चांगले निघाले तर ते आंबट बिअर म्हणून, तसे लिहून विकावे. त्याला माझी काहीच हरकत नाही.

पिंपाचा युक्तिवाद आपल्याकडे तर अधिकच लंगडा पडतो, कारण आपले हवामान. स्कॉटलंडमध्ये पिंपातली व्हिस्की वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास उडते. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे उष्ण प्रदेशात पिंपातली पोकळी लवकर वाढते, आत हवाही जास्त येते, आणि व्हिस्कीला तिच्या मद्यार्काचे जे संरक्षण असते ते बिअरला नसते. पिंप थंड खोलीत ठेवणे ही इथे चैन नाही. बाटली दुकानात गेल्यावरही तेच. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की बिअर शिळी करणाऱ्या रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. शीतपेटीबाहेर, उन्हाच्या बाजूच्या फळीवर दोन महिने उभ्या असलेल्या बाटलीत करणाऱ्याची मेहनत शिल्लक राहात नाही. तरीही जिथे साठवणुकीचे तापमान आणि भरल्याची तारीख ठळक अक्षरांत हवी, तिथे पुष्कळदा पिंपाची कहाणीच मोठ्या अक्षरांत असते.

एक आक्षेप वेगळ्या दिशेने येईल, आणि तो फैजपुरातून आला तर त्यामागे अधिकार असेल. डिसेंबर 1936 मध्ये खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन याच गावचे, आणि दारूबंदी हा गांधीजींच्या विधायक कार्यक्रमाचा भाग. मग श्रीमंतांच्या बिअरच्या चवीची काळजी कशाला? पिऊ नये असे सांगणाऱ्यांचा मी आदर करतो. त्यांचा प्रश्न मोठा आहे. पण ज्या मालाला सरकार परवाना देते, ज्यावर उत्पादन शुल्क घेते, तो माल घेणाऱ्याला बोलण्याचा हक्क नाही, असे त्यातून निघत नाही. ‘दारूच ती, तिच्या दर्जाची काय चौकशी’ या वृत्तीचा फायदा न पिणाऱ्याला होत नाही, वाईट माल विकणाऱ्याला होतो. महागड्या बाटलीत या बेफिकिरीचा तोटा चवीपुरता असतो. स्वस्त आणि बेकायदा दारूत हीच बेफिकिरी जिवावर उठते.

राहता राहिला पाश्चराइझ करण्याला होणारा विरोध: उष्णता दिली की बिअर मरते. ज्या बिअरला बाटलीत पुन्हा आंबायचे असते तिच्याबाबत हे खरे आहे, आणि ग्यूझ करणारे तसे करतही नाहीत. पण पिंपातली कडक स्टाउट बाटलीत वाढावी अशी तिच्या कर्त्याचीच योजना नसते. तिच्यात जे जिवंत राहते ते त्याने न बोलावलेलेच असते. त्याला उष्णता द्यायची नसेल तर देऊ नये. मग बाटली शीतपेटीतच विकावी, भरल्याची तारीख आणि पिंपांच्या खेपेचा क्रमांक तिच्यावर छापावा, आणि त्या क्रमांकाची बाटली आंबट निघाली तर बिल पाहून पैसे परत करावेत.