‘लवकरच’ची किंमत ५० डॉलर

कर्बल नावाचे हिरवे बुटके रॉकेट बांधतात, उडवतात आणि बहुतेक वेळा स्वतःसकट फोडतात. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग फेब्रुवारी २०२३मध्ये ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ म्हणून, म्हणजे काम चालू असतानाच, विक्रीला आला. किंमत पूर्ण, जवळपास ५० डॉलर. सोबत वचनांची यादी: विज्ञान येईल, वसाहती येतील, दुसऱ्या ताऱ्यांपर्यंत जाता येईल, मित्रांसह खेळता येईल. त्यातले विज्ञान तेवढे वर्षअखेरीस आले. २०२४मध्ये गेम बनवणाऱ्या सिएटलच्या स्टुडिओतल्या मंडळींना नारळ मिळाला, जूननंतर नवे काही आले नाही आणि वर्ष सरायच्या आत टेक-टू कंपनीने गेम प्रकाशित करणारा विभागच विकून टाकला. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मात्र तो मांडलेलाच राहिला.

असे गेम विक्रीतून काढून टाका, अशी मागणी अशा वेळी होतेच. आम्हाला ती पटत नाही. याच कर्बलचा पहिला भाग मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड कंपनीने अर्धवटच विकायला काढला होता आणि २०१५ साली पूर्ण करून दाखवला. ‘हेडीस’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ हे गेमही याच वाटेने आले. शिवाय अर्धा गेमही कुणाला पुरेसा वाटू शकतो. रॉकेट फोडायला वसाहती लागत नाहीत. आणि गेम दुकानातून नाहीसा झाला तर सर्वांत जास्त सुटकेचा निःश्वास कोण टाकेल? ज्यांनी तो सोडून दिला, तेच.

काढायची ती वचने, आणि उतरवायची ती किंमत. काम थांबले आहे, जे आहे ते एवढेच, एवढ्याला घ्या, असे स्वच्छ लिहा आणि खुशाल विका.

स्टीमने फेब्रुवारी २०२५पासून एक सूचना लावायला सुरुवात केली. वर्षभराहून अधिक काळ अपडेट न आलेल्या अशा गेमच्या पानावर लिहिलेले असते की, निर्मात्यांनी दिलेली माहिती आणि वेळापत्रक कदाचित आता लागू नसेल. कदाचित! विक्रीतला आपला वाटा, सर्वसाधारणपणे ३० टक्के, कापून घेताना दुकानाला हा शब्द सुचत नाही. पैसे परत मागायचे तर खरेदीला १४ दिवस आणि खेळाला २ तास उलटायच्या आत. वचने वर्षांची, तक्रारीची मुदत पंधरवड्याचीही नाही.

अपवाद झालेले आहेत. डिसेंबर २०२३मध्ये ‘द डे बिफोर’ असाच अर्धवट बाजारात आला आणि चारच दिवसांनी स्टुडिओने टाळे लावत असल्याचे जाहीर केले. त्याची विक्री थांबली, गिऱ्हाइकांना सरसकट पैसे परत मिळाले, कोण किती तास खेळला हे कुणी विचारले नाही. तेव्हा निर्मात्यांना विनंती एवढीच की, गाशा गुंडाळायचाच असेल तर पहिल्याच आठवड्यात गुंडाळावा. सावकाश, वर्ष-दीड वर्ष घेऊन गुंडाळलात तर गिऱ्हाइकाच्या हाती ते ‘कदाचित’ तेवढे उरते.