मायक्रोआरएनए : आशा आणि उतावळेपणा

व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मातीत राहणाऱ्या एका कृमीच्या अभ्यासातून लागलेल्या शोधाबद्दल. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या या जीवाचा माणसाच्या आरोग्याशी काही संबंध असेल, असे १९९३ साली फारसे कोणाच्या मनात आले नव्हते. त्या वर्षी या दोघांनी दाखवून दिले की, कृमीच्या वाढीचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या एका जनुकापासून प्रथिन तयार होतच नाही; तयार होतो तो अवघ्या २२ घटकांचा आरएनएचा तुकडा, आणि तो दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याचे काम रोखून धरतो. ही कृमीची खासियत असेल, असे समजून बहुतेकांनी तिकडे दुर्लक्ष केले. २००० साली रव्हकुन यांच्याच प्रयोगशाळेत असा दुसरा तुकडा सापडला आणि तो माणसातही आहे असे दिसून आले, तेव्हा कोठे सर्वांचे डोळे उघडले. ज्या काळात हे काम आकार घेत होते, त्याच सुमारास ॲम्ब्रोस यांना हार्वर्ड विद्यापीठात कायमची जागा नाकारली गेली होती. तातडीचा उपयोग विचारूनच संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात ठेवावा.

जनुकाला कचेरी मानले, तर तेथून सुटणारा संदेश हा आदेश होय. आदेश निघाला म्हणजे अंमल झाला असे नव्हे, हे सरकारी नोकरीत असलेल्यांना सांगावयास नको. बारनिशीतला कारकून तो अडवून ठेवू शकतो. मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतला हा कारकून. आणि एकेक कारकून शेकडो आदेशांवर नजर ठेवतो. पेशीने केव्हा वाढावे, केव्हा थांबावे, केव्हा मरावे, हे अशा अडवणुकीवर बऱ्याच अंशी अवलंबून असते.

कर्करोगाशी असलेले याचे नाते २००२ साली उघड झाले. रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगात तेराव्या गुणसूत्राचा विशिष्ट भाग वारंवार गळालेला आढळे. तेथे कर्करोगाला आवर घालणारे एखादे नेहमीचे जनुक असावे, म्हणून कित्येक वर्षे शोध चालू होता. जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांना तेथे दोन मायक्रोआरएनए सापडले. सुमारे ६८ टक्के रुग्णांत ते नाहीसे झालेले वा घटलेले होते. पेशीला मरू न देणाऱ्या एका प्रथिनावर हे दोघे पहारा ठेवतात, हे २००५ मध्ये कळले. पहारा उठला की मरावयाच्या पेशी जगत राहतात.

रोगाच्या प्रसाराची कथा याहून गंभीर आहे, कारण बहुसंख्य रुग्ण मूळ गाठीमुळे नव्हे, तर प्रसारामुळे दगावतात. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने २००७ साली दाखविले की, न पसरणाऱ्या स्तनकर्करोगाच्या पेशींत एकच मायक्रोआरएनए वाढवला, तर उंदरांत त्या दूरवर पसरू लागतात. २०१० मध्ये तोच रेणू दाबला असता मूळ गाठ तशीच राहिली, पण फुप्फुसातील प्रसार घटला. मात्र यावरून मित्र आणि शत्रू अशी सरळ यादी करता येत नाही. रेणूंचे एक कुटुंब पेशींना एकमेकींशी जखडून ठेवते व गाठीतून सुटू देत नाही. पण सुटलेल्या पेशी दूरच्या अवयवात रुजताना तेच कुटुंब मदतीला येते, असेही प्रयोगांत आढळले आहे.

हे गुंतागुंतीचे वास्तव समोर असताना उपचाराची घाई झाली. कर्करोगाला आवर घालणाऱ्या एका मायक्रोआरएनएची कृत्रिम प्रत २०१३ पासून अमेरिकेत रुग्णांना देण्यात येऊ लागली. शिरेतून दिलेले हे औषध स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म वेष्टनात होते. ते गाठीपुरते राहत नाही, रक्तातील पांढऱ्या पेशींतही शिरते. मोजक्या रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. परंतु प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रियेने चार रुग्णांचा मृत्यू झाला आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. सर्व उपाय थकल्यावर स्वेच्छेने पुढे आलेली ही माणसे होती. त्यांच्या मरणाची नोंद आशेच्या बातम्यांइतक्या ठळकपणे झाली नाही, हे खेदाने म्हणावे लागते. आजवर मायक्रोआरएनएचे एकही औषध कर्करोगासाठी मान्य झालेले नाही. याच जातीच्या आरएनएची काही औषधे यकृताच्या बाबतीत २०१८ पासून मान्य झाली, कारण यकृतापर्यंत पोचण्याचा मार्ग हाती आला. गाठीचा असा पत्ता अजून कोणाजवळ नाही.

तोच उतावळेपणा आता रक्ततपासणीच्या बाबतीत दिसतो. हे रेणू रक्तात टिकून राहतात, त्यामुळे थेंबभर रक्तावरून कर्करोग ओळखता येईल ही कल्पना मोहक आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. पण एक साधी गोष्ट आडवी येते. नमुना घेताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातील मायक्रोआरएनए रक्तद्रवात मिसळतात आणि रोग नसताना आकडे चढतात. अशा तपासण्या विकावयास काढण्यापूर्वी नमुना कसा घ्यावा, किती वेळात वेगळा करावा आणि फुटलेल्या पेशी कशा ओळखाव्यात, याचे नियम सर्व प्रयोगशाळांना बंधनकारक केले पाहिजेत. चुकीच्या अहवालाने ज्याची झोप उडते, त्याला पुढच्या तपासण्यांचा खर्चही स्वतःच्या खिशातून करावा लागतो.